बावा मोहतऱ्याचा गंगाराम

भिलाई म्हटले की आपल्यासमोर पोलादाचा कारखाना उभा राहतो. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार हा कारखाना उभारला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे कामाला आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूरकडून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. दोन देशांच्या स्नेहाची खूण म्हणून कारखान्याने १९७२ मध्ये ‘मैत्रीबाग’ नावाचे प्राणिसंग्रहालय सुरू केले. तेथील पांढरे वाघ पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. गजांच्या अलीकडे माणूस आणि पलीकडे जनावर, अशी ही मैत्री आहे. प्राणिसंग्रहालयात ती तशीच असणे योग्य होय.

परंतु भिलाईच्या उत्तरेस, शेतीच्या सपाट प्रदेशात, माणूस आणि जनावर यांच्यामध्ये गज नसलेली एक मैत्री कित्येक वर्षे नांदत होती. तेथे बावा मोहतरा नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते बेमेतरा जिल्ह्यात मोडते. जानेवारी २०१२ मध्ये बेमेतरा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा सारा मुलूख भिलाईप्रमाणेच दुर्ग जिल्ह्यात होता. या गावच्या तलावात एक मगर राहत असे. गावाने तिला नाव दिले होते गंगाराम.

येथे भाषेची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठीत ‘मगर’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आपण ‘मगर आली’ असे म्हणतो. हिंदीत मात्र ‘मगर’ किंवा ‘मगरमच्छ’ पुल्लिंगी आहे. गंगाराम हा नर होता. त्यामुळे त्याच्याविषयी मराठीत लिहिताना ‘ती मगर’ आणि ‘तो गंगाराम’ अशी व्याकरणाची ओढाताण होते. आपण या पाठापुरते गावकऱ्यांचे ऐकू आणि त्याला ‘तो’च म्हणू.

८ जानेवारी २०१९, मंगळवार. त्या दिवशी गंगाराम तलावाच्या पाण्यावर निश्चल तरंगताना गावकऱ्यांना दिसला. जवळ जाऊन पाहता तो मरण पावल्याचे कळले. वार्ता गावभर पसरली आणि तळ्याकाठी माणसे जमू लागली. वन विभागाचे कर्मचारी आले, त्यांनी शवविच्छेदन केले आणि मोजमापे घेतली. लांबी तीन मीटर चाळीस सेंटीमीटर, वजन सुमारे अडीचशे किलो. कायद्याप्रमाणे मृत वन्य प्राण्याचे शव ही राज्य शासनाची मालमत्ता असते. त्याची विल्हेवाट शासकीय यंत्रणेनेच लावावयाची असते. मात्र गावकऱ्यांनी अंत्यसंस्कार करण्याची इच्छा व्यक्त केली आणि अधिकाऱ्यांनी शव त्यांच्या स्वाधीन केले. नियमावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी म्हटले नाही, हे त्यांचे शहाणपण होय.

गंगारामाचा देह फुलांनी सजवलेल्या ट्रॅक्टरवर ठेवण्यात आला. सुमारे पाचशे माणसे त्याच्या अंत्ययात्रेत सामील झाली. कोणी त्याच्या खरखरीत पाठीवर हात ठेवून नमस्कार करी, कोणी डोळ्यांना पदर लावी. त्या दिवशी गावातील अनेक घरांत चूल पेटली नाही. घरातील कर्ता माणूस गेला असता जसे घडते, तसेच हे घडले. ज्या तलावात तो राहिला, त्याच्याच काठी त्याला मूठमाती देण्यात आली, आणि तेथे त्याचे स्मारक व मंदिर बांधण्याचा मनोदय गावाने जाहीर केला.

सुमारे अकरा फूट लांबीच्या, माणसाला ओढून नेण्याची शक्ती असलेल्या प्राण्यासाठी एका गावाने असा शोक करावा, याचे आपल्याला नवल वाटते. त्याचे कारण गंगारामाच्या वागण्यात होते. त्याने आजवर कोणालाही इजा केली नाही, असे गावकरी एकमुखाने सांगत. मुले तलावात पोहत असत आणि तो त्यांच्या आसपास पाण्यात असे. पोहणारा फारच जवळ आला तर तोच बाजूला सरे. बायका घाटावर धुणी धूत, अंघोळी करीत. त्यांच्याकडे तो लक्षही देत नसे. गावकरी त्याला वरण-भात देत आणि तो ते खाई. हाक मारली की तो पाण्याबाहेर डोके काढी, असेही सांगितले जाई. रानातल्या मगरीच्या स्वभावाशी हे काहीच जुळत नाही. एखाद्या घरातील वृद्ध आजोबांनी ओट्यावर बसून मुलांचा गोंगाट सहन करावा, तसा हा प्रकार होता.

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. बलवानाच्या तावडीत सापडल्यावर त्याची खोटी स्तुती करून जीव वाचवावा, असा तिचा आशय. ही म्हण ज्यांनी रचली, त्यांचा सुसरीवर काडीचाही विश्वास नव्हता हे उघड आहे. ‘नक्राश्रू’ या शब्दातही तोच अविश्वास आहे. गजेंद्राचा पाय धरणारा नक्र आणि वानराचे काळीज मागणारा पंचतंत्रातील मगर यांच्याकडेही आपण संशयानेच पाहतो. परंतु याच परंपरेत गंगा नदी मकरावर आरूढ झालेली दाखवतात आणि देवळांच्या दारांवर मकरतोरणे कोरलेली असतात. मकर हे वरुणाचेही वाहन होय. म्हणजे या प्राण्याविषयी आपल्या मनात भय आणि आदर दोन्ही एकत्र वसत आलेले आहेत. बावा मोहतऱ्याच्या लोकांनी आपल्या मगरीला ‘गंगाराम’ हेच नाव का दिले असावे, याचाही त्यावरून थोडा उलगडा होतो.

गंगारामाला समजून घ्यायचे तर आधी छत्तीसगडचा तलाव समजून घेतला पाहिजे. या प्रदेशात भातशेती मुख्य आणि पाऊस चार महिन्यांचा. उरलेल्या काळासाठी पाणी साठवण्याचे साधन म्हणजे तलाव. ‘छै आगर छै कोरी’ असा एक शब्दप्रयोग छत्तीसगढीत आहे. कोरी म्हणजे वीस. मराठीतील ‘कोडी’ हा शब्द तोच. सहा कोरी म्हणजे एकशे वीस आणि वर सहा, असे एकशे सव्वीस तलाव एकेका गावात होते, असे अभिमानाने सांगितले जाते. तलावाला येथे नाव असते, देव असतो, इतकेच नव्हे तर त्याचे लग्नही लावले जाते! त्या विवाहाचा लाकडी खांब काही तलावांच्या मध्यभागी आजही उभा दिसतो. अंघोळ, धुणी, गुरांचे पाणी, मासे, दहाव्याचे विधी, सारे याच काठावर होते. अशा तलावात जो राहतो, तो गावापासून वेगळा राहूच शकत नाही. दररोज सकाळी शंभर माणसे त्याला पाहतात आणि तो शंभर माणसांना पाहतो.

गंगाराम या तलावात आला कसा? एका महंतांनी त्याला फार वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आपल्याबरोबर आणले, अशी आख्यायिका गावात आहे. त्याचे वय १३० वर्षे असल्याचे गावकरी सांगत आणि मृत्यूनंतर वृत्तपत्रांतूनही तोच आकडा प्रसिद्ध झाला. हा आकडा खरा मानला तर गंगारामाचा जन्म १८८९ च्या सुमारास झाला असे होईल. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा पस्तीसच वर्षे झाली होती आणि या भागातून बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग घातला जात होता.

या वयाविषयी थोडा विचार करणे आवश्यक आहे. आपल्या तळ्यांत आणि नद्यांत राहणारी जी मगर आहे, तिचे शास्त्रीय नाव ‘क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस’, म्हणजे दलदलीतील मगर, असे आहे. इंग्रजांनी तिला आपल्याच ‘मगर’ या शब्दावरून ‘मगर’च म्हटले, केवळ उच्चार ‘मग्गर’ असा केला. ही मगर साधारणतः चाळीस-पन्नास वर्षे जगते, क्वचित त्याहून अधिक. एकशे तीस वर्षे जगलेल्या मगरीचा खात्रीलायक पुरावा नाही. शिवाय मगरीच्या लांबीवरून तिचे वय सांगता येत नाही. लहानपणी ती भराभर वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो. सव्वातीन-साडेतीन मीटर ही या जातीच्या पूर्ण वाढलेल्या नराची नेहमीची लांबी आहे. चाळीस वर्षांचा नरही एवढा असू शकतो.

मग गावकरी खोटे सांगत होते काय? तसे मुळीच नाही. ‘आमच्या आजोबांनीही गंगारामाला पाहिले होते,’ असे म्हणणारा माणूस प्रामाणिकच असतो. केरळमधील एका मगरीच्या कथेवरून या कोड्याचे एक संभाव्य उत्तर मिळते. कासरगोड जिल्ह्यातील अनंतपुर येथे तळ्याच्या मध्यभागी एक मंदिर आहे. त्या तळ्यात ‘बबिया’ नावाची मगर होती. पुजारी तिला प्रसादाचा भात भरवीत. ती शाकाहारी आहे अशी तिची ख्याती देशभर पसरली होती. सत्तरीच्या पुढे गेलेली ही मगर ९ ऑक्टोबर २०२२ रोजी मरण पावली. तेथील आख्यायिका सांगते की तळ्यातील आधीच्या मगरीला १९४५ मध्ये एका इंग्रज शिपायाने गोळी घातली आणि काही दिवसांतच तिच्या जागी बबिया प्रकट झाली. म्हणजे एक गेली आणि दुसरी आली. तळ्याची मगर मात्र लोकांच्या मनात एकच राहिली. बावा मोहतऱ्यातही असे एकाहून अधिक गंगाराम होऊन गेले असणे अशक्य नाही. राजा बदलला तरी गादी तीच राहते, तसे हे नावाचे सातत्य आहे.

आता वरण-भाताचा प्रश्न. मगर हा मांसाहारी प्राणी आहे. तिचे दात शंकूच्या आकाराचे असतात. ते भक्ष्य पकडून ठेवण्यासाठी असतात, चावण्यासाठी नव्हेत. मासे, बेडूक, कासवे, पाणपक्षी आणि लहानमोठी जनावरे हा तिचा आहार होय. भातावर एवढा मोठा देह पोसला जाणे संभवनीय वाटत नाही. तलावात मासे होते आणि गंगारामाचे खरे जेवण तेच असले पाहिजे. त्यात एक गोष्ट अशीही आहे की मगर आपल्या शरीराची उष्णता अन्न जाळून निर्माण करीत नाही, ती उन्हातून घेते. काठावर जबडा उघडून पडलेली मगर आपण चित्रांत पाहतो, ती आळसावलेली नसते. ती आपले तापमान सांभाळीत असते. या काटकसरीमुळे तिला तिच्या आकाराच्या वाघापेक्षा फारच थोडे अन्न पुरते, आणि भरपेट खाल्ल्यावर ती कित्येक दिवस, प्रसंगी काही महिनेही, अन्नावाचून राहू शकते. भुकेलेली नसलेली मगर विनाकारण शिकार करीत नाही. माशांनी भरलेल्या तलावातील गंगारामाच्या सौम्यपणाचे एक कारण येथे सापडते.

तरीही भात खाण्याची गोष्ट अगदीच टाकाऊ नाही. मगरी आणि त्यांचे नातेवाईक यांच्या अठरा जातींच्या आहाराची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी तेरा जातींनी फळे खाल्ल्याचे आढळले. काही वेळा ती शिकारीच्या पोटातून आलेली असतील, पण काही वेळा मगरीने ती जाणूनबुजून खाल्लेली दिसतात. तेव्हा वरणात कालवलेला भात गंगारामाने गिळला असेल, यात अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तो त्यावर जगला, एवढेच तेवढे मान्य करता येत नाही.

पोट भरलेले असणे हे एक कारण झाले. परंतु त्याने माणसांची ओळख ठेवली, हाकेला प्रतिसाद दिला, मुलांना वाट करून दिली, हे सारे केवळ पोटाने स्पष्ट होत नाही. सरपटणारे प्राणी म्हणजे मंदबुद्धी, असा समज पूर्वी शास्त्रज्ञांतही होता. तो आता मागे पडला आहे. चेन्नईजवळ रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या मगर-केंद्रात मगरींना त्यांच्या नावाने हाक मारून बोलावण्याचे शिक्षण दिले गेले आहे. ठरावीक मगर ठरावीक नावाला पुढे येते आणि बाकीच्या आपापल्या जागी थांबतात. याच केंद्रात पक्ष्यांच्या विणीच्या काळात मगरी नाकाडावर काड्या धरून पाण्यात स्थिर राहतात असे निरीक्षकांनी नोंदवले आहे. घरट्यासाठी काडी न्यायला आलेला बगळा अलगद तावडीत सापडतो.

मगरीच्या मातृत्वाची तर कथाच निराळी. उन्हाळ्याच्या आरंभी मादी काठावरील मातीत खड्डा खणून सुमारे पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोन महिने जवळपास पहारा करते. अंड्यातील पिले नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. बाहेर येण्याची वेळ झाली की पिले अंड्याच्या आतूनच आवाज देतात. तो ऐकून आई माती उकरते आणि ज्या जबड्याची आपल्याला भीती वाटते, त्याच जबड्यात पिलांना हळुवार धरून पाण्यात नेऊन सोडते. या जातीतील नरही पिलांना असे उचलून नेताना दिसले आहेत. म्हणजे त्या जबड्यात बळ किती वापरावे हे मगरीला नेमके कळते.

याबाबत महाराष्ट्रातील एक निरीक्षण अतिशय लक्षवेधी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळून सावित्री नदी वाहते. तेथील मगरींचा अभ्यास उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या संशोधकांनी केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग असा: भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केल्यामुळे एक लहान कुत्रा नदीच्या उथळ पाण्यात शिरला. जवळच तीन मोठ्या मगरी तरंगत होत्या. कुत्रा त्यांच्या सहज आटोक्यात होता. त्यांपैकी दोघी त्याच्याजवळ आल्या, आपल्या नाकाडाने त्याला हलकेच ढकलू लागल्या आणि कुत्र्यांची टोळी जेथे उभी होती तेथून दूर, सुरक्षित काठाकडे त्याला त्यांनी पोहोचते केले. कुत्र्याला ओरखडाही उठला नाही. याच नदीत प्रवाहात सोडलेल्या झेंडूच्या माळांजवळ मगरी वारंवार येऊन राहतात, असेही त्यांना आढळले. झेंडूमध्ये जंतूंना अटकाव करणारी द्रव्ये असतात आणि दूषित पाण्यात त्यांचा मगरींच्या त्वचेला उपयोग होत असावा, असा त्यांचा तर्क आहे.

मगरींनी कुत्र्यावर दया केली, असे म्हणता येईल काय? संशोधकांनी ही सहानुभूती असण्याची शक्यता मांडली. इतर तज्ज्ञांना तो निष्कर्ष घाईचा वाटला. एका प्रसंगावरून प्राण्याच्या मनातील भावना ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु मगरींची इच्छा असती तर कुत्रा वाचला नसता, हेही तितकेच खरे. त्या क्षणी त्यांनी शिकार न करण्याचे ठरवले. का ठरवले, हे त्यांनाच ठाऊक! प्रत्येक मगरीचा स्वभाव वेगळा असतो, एक चिडखोर तर दुसरी शांत, हे मात्र मगरी सांभाळणारी माणसे नेहमीच सांगत आली आहेत.

माणसाच्या सहवासाने मगरीचा स्वभाव किती पालटतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशातले आहे. तेथील चितो नावाच्या एका मच्छीमाराला डोक्यात गोळी लागलेली एक मरणोन्मुख मगर सापडली. त्याने तिला घरी आणले, खाऊ घातले, जवळ झोपून तिची शुश्रूषा केली. बरी झाल्यावर त्याने तिला नदीत सोडले, तर दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी परत आली. पोचो असे नाव मिळालेली ही मगर आणि चितो पुढे सुमारे वीस वर्षे एकाच तळ्यात एकत्र पोहले, खेळले. पोचो २०११ मध्ये मरण पावली, तेव्हा तिचीही सार्वजनिक अंत्ययात्रा निघाली होती. बावा मोहतऱ्याच्या लोकांना ही कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी दोन खंडांतील माणसांनी एकाच तऱ्हेने निरोप दिला.

पाण्यातील या बलाढ्य प्राण्याशी सलोखा करण्याच्या रीती ठिकठिकाणी निरनिराळ्या आहेत. चीनमध्ये ड्रॅगन हा पाऊस आणणारा, नद्यांवर सत्ता चालवणारा शुभ प्राणी मानला जातो. आणि तेथील छोट्या मगरीला लोक ‘मातीचा ड्रॅगन’ म्हणतात. युरोपातील कथांत वीर पुरुष ड्रॅगनला ठार मारतात, पूर्वेकडे त्याची प्रार्थना करतात. कराचीजवळील मंघोपीर दर्ग्याच्या तळ्यात मगरी आहेत आणि यात्रेकरू त्यांना मांसाचा नैवेद्य देतात. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आहे. त्याच्या काठच्या खाजण जमिनी, म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेते, कसणारे लोक वर्षातून एकदा चिखलाची मगर तयार करतात, तिच्या अंगावर शिंपले टोचतात आणि तिची पूजा करतात. ‘मानगे थापणी’ असे या विधीचे नाव. बांधांचे रक्षण व्हावे आणि मगरीने माणसांना त्रास देऊ नये, ही त्यामागील भावना. गुजरातमधील चरोतर भागात तर गावतळ्यांत आजही मगरी आणि माणसे शेजारी शेजारी वावरतात.

या साऱ्या हकिगती वाचून मगर हा पाळण्याजोगा प्राणी आहे, असा कोणी समज करून घेतला तर तो जीवघेणा ठरेल. सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मगरींनी माणसांवर हल्ले केले आहेत. त्यांत मृत्यूही झाले आहेत. छत्तीसगडमध्येच, जांजगीर-चांपा जिल्ह्यातील कोटमी सोनार या गावच्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मगरी आहेत. तेथे गंगारामासारखी शांतता नेहमी नांदली नाही. एका साधूला मगरीच्या हल्ल्यात हात गमवावा लागला. विशेष हे की, हात गेल्यानंतरही तो साधू मगरींच्या रक्षणासाठीच झटत राहिला. पुढे तेथे शासनाने मगरींसाठी राखीव उद्यान उभारले, गावातील इतर तळ्यांतील मगरी एका मोठ्या तलावात आणल्या आणि भोवती कुंपण घातले. कोटमी सोनारला कुंपणाची गरज भासली, बावा मोहतऱ्याला भासली नाही. एका तलावात एकटा, पोट भरलेला, माणसांना सरावलेला नर असणे आणि अनेक तळ्यांत जागेसाठी व पिलांसाठी झगडणाऱ्या पुष्कळ मगरी असणे, यात मोठे अंतर आहे. घरट्यावर पहारा देणारी मादी तर कोणाचीच ओळख ठेवत नाही.

मगरींनाही माणसाचे भय कमी नव्हते. कातड्यासाठी त्यांची इतकी शिकार झाली की विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आपल्या देशातील कित्येक नद्या त्यांच्याविना ओस पडल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन सर्वांत कडक संरक्षण दिले. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने मगर-संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. अंडी गोळा करून ती उबवायची, पिलांना मोठी होईपर्यंत सांभाळायचे आणि मग नद्यांत सोडायचे, ही त्याची पद्धत होती. त्याचे फळ मिळाले. आज अनेक ठिकाणी मगरी पुन्हा दिसू लागल्या आहेत, आणि त्याबरोबरच वाळूउपसा, आटणारी तळी व काठापर्यंत आलेली वस्ती यांमुळे माणसांशी त्यांची गाठही अधिक वेळा पडू लागली आहे. तळ्यात किंवा विहिरीत मगर दिसल्यास स्वतः पकडण्याच्या भरीस न पडता वन विभागाला कळवणे हाच मार्ग होय. तिला डिवचणे, दगड मारणे किंवा तिच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढणे यांसारखा अविचार नाही.

बावा मोहतऱ्याच्या लोकांनी गंगारामाला कधी पकडले नाही, बांधले नाही, खेळ करून दाखवला नाही. त्याच्या पाण्यात ते उतरत, पण त्याचा काठ त्याला मोकळा ठेवीत. तलाव आटू दिला नाही. अनोळखी माणसांना कौतुकाने तो दाखवला, पण त्याची किंमत कोणाकडून घेतल्याचे ऐकिवात नाही. एवढ्या साध्या वागण्याने एका रानटी प्राण्याची भीड चेपली असेल काय, की गंगाराम मुळातच त्या स्वभावाचा होता, हे आता ठरवता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत.

केरळमधील अनंतपुरच्या तळ्याची हकिगत मात्र बबियाच्या मृत्यूबरोबर संपली नाही. वर्षभर ते तळे रिकामे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे आलेल्या भाविकांना पाण्यात काहीतरी हलताना दिसले. पुजाऱ्यांनी जाऊन पाहिले, तो एक मगर डोके वर काढून त्यांच्याकडे पाहत होती. ती कोठून आली, हे कोणालाही सांगता आले नाही.